उकळत्या पाण्यातले बुडबुडे

परवा ठाण्याला दादाकडे गेले होते. दुपारचे चार वाजले होते, चहाचं आधण ठेवलं होतं. भाची यंदा नववीत आहे. ती ओट्याशी उभी राहून पातेल्यात बघत होती आणि एकदम म्हणाली, "आत्या, हे बुडबुडे कसले गं? म्हणजे आत काय असतं?"

मला निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण खोड जात नाही. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, "आधी घरातल्यांना विचार."

वहिनी म्हणाली, "हवा. दुसरं काय असणार?" दादा सिव्हिल इंजिनियर. त्याने पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "ऑक्सिजन आणि हायड्रोजन. पाणी म्हणजे एच-टू-ओ ना!" भाची जरा विचार करून म्हणाली, "मला वाटतं उष्णता. गॅस बंद केला की बुडबुडे जातात की नाही?"

मला हसू आलं नाही. कारण ही तिन्ही उत्तरं मी पूर्वी ऐकली होती. त्यातलं एक तर मी स्वतः दिलं होतं. वयाच्या पस्तिशीत, रसायनशास्त्रातली बी.एस्सी. आणि बी.एड. पदरी असताना, आणि बारा वर्षं हाच विषय शिकवून झाल्यावर!

झालं असं की १९९३ च्या उन्हाळ्यात आम्हा विज्ञान शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. अशी प्रशिक्षणं कशी असतात ते शिक्षक मंडळींना सांगायला नको. बाकी काही आठवत नाही, पण एका दुपारी एक पाहुणे आले. त्यांनी स्टोव्हवर काचपात्रात पाणी उकळायला ठेवलं आणि आम्हाला कागदाचे चिटोरे वाटले. नाव घालायचं नाही, फक्त बुडबुड्यात काय आहे ते लिहायचं. चिठ्ठ्यांचे टेबलावर ढीग झाले. हवेचा एक, हायड्रोजन-ऑक्सिजनचा एक आणि वाफेचा एक. माझी चिठ्ठी हवेच्या ढिगात होती. कुणाला कळलं नाही, पण मला तर माहीत होतं!

त्या पाहुण्यांनीच सांगितलं की हा प्रश्न त्यांचा नाही, न्यूझीलंडचा आहे. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आले. मुलांना आणि शिक्षकांना रसायनशास्त्र नेमकं कसं समजतं, यावर जगात पन्नास-साठ वर्षं रीतसर संशोधन चालू आहे. त्याची गोष्ट बरेच दिवस लिहायची होती. परवाच्या चहाने निमित्त दिलं.

*

सुरुवात न्यूझीलंडपासूनच करते. तिथल्या हॅमिल्टन गावात वायकाटो विद्यापीठ आहे. तिथे रॉजर ऑस्बॉर्न आणि मार्क कॉस्ग्रोव्ह यांनी आठ ते सतरा वर्षांच्या मुलांना एकेकटं बसवलं, त्यांच्यासमोर पाणी उकळलं आणि विचारलं, हे बुडबुडे कसले? परीक्षा नाही, गुण नाहीत. मूल जे बोलेल ते लिहून घ्यायचं आणि "म्हणजे काय?" असं पुढे विचारत जायचं. हा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला.

उत्तरं कोणती? उष्णता, हवा, ऑक्सिजन-हायड्रोजन, वाफ. म्हणजे दादाचं स्वयंपाकघर आणि न्यूझीलंडची शाळा यांत काही फरक नाही! पण मला चटका लावून गेली ती पुढची गोष्ट. ऑक्सिजन-हायड्रोजन हे उत्तर लहान मुलांपेक्षा मोठ्या मुलांकडून येत होतं. साहजिक आहे. आठ वर्षांच्या मुलाला एच-टू-ओ माहीतच नसतं. ते सूत्र आपण शिकवतो, आणि मग मूल ते घेऊन उकळत्या पातेल्याकडे बघतं. म्हणजे ही चूक मुलाने शाळेत यायच्या आधी केलेली नाही, शाळेत आल्यावर केली आहे.

बरोबर उत्तर वाफ, म्हणजे वायुरूप पाणी. पाणी तापायला लागताना तळाशी जे बारीक बारीक बुडबुडे चिकटतात ते मात्र पाण्यात विरघळलेल्या हवेचेच असतात, तेव्हा वहिनी (आणि मी) अगदीच चुकलो नव्हतो. पण नंतर खळखळा येणारे मोठे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे. त्यात रेणू फुटत नाहीत, एकमेकांपासून फक्त सुटे होतात. १८ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढंच पाणी फोडून त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करायला सुमारे २८६ किलोज्यूल, म्हणजे सातपट! नुसत्या उष्णतेने फोडायचं तर तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या पुढे न्यावं लागतं, तेव्हा कुठे जाणवण्याइतके रेणू फुटतात. आणि समजा चहाच्या आधणातून हायड्रोजन-ऑक्सिजन निघत असते, तर गॅसच्या ज्योतीशेजारी रोज सकाळी घरोघरी स्फोट झाले असते.

हे कळल्यावर मला वाटलं, चला, मुलांचं आणि आपल्यासारख्या शाळामास्तरांचंच असं होत असेल. तर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले जॉर्ज बोडनर यांचा १९९१ चा लेख हाती आला. त्यांनी असेच प्रश्न रसायनशास्त्राची पदवी घेऊन पुढच्या संशोधनासाठी नुकत्याच दाखल झालेल्या विद्यार्थ्यांना विचारले. बुडबुड्यांचा प्रश्न त्यात होताच. तिथेही हवा आणि ऑक्सिजन-हायड्रोजनवाले निघाले. ही मंडळी पुढे कॉलेजात शिकवणार. म्हणजे चूक एका पिढीच्या हातून पुढच्या पिढीच्या हाती कशी जाते ते बघा. वाईट हेतू कुणाचाच नाही, आणि पहिल्या वर्गात पास सगळेच.

*

आता थोडं मागे जाते. मुलाला विचारून बघावं ही कल्पना स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांची. १९४१ च्या त्यांच्या पुस्तकात साखर पाण्यात विरघळवून मुलांशी केलेलं बोलणं आहे. साखर दिसेनाशी झाली, मग ती आहे का? वजन तेवढंच राहील का? लहान मुलं म्हणतात, साखर संपली, फक्त गोडी उरली. मोठी मुलं हळूहळू न दिसणाऱ्या कणांकडे येतात.

पण रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनी ही पद्धत उचलायला बराच वेळ घेतला. १९६० च्या दशकात अमेरिकेत, ब्रिटनमध्ये मोठमोठे नवे अभ्यासक्रम झाले. थोर शास्त्रज्ञांनी ते आखले. विज्ञान अगदी अद्ययावत. पण ते मुलांच्या डोक्यात कसं उतरतं आहे, हे मुलांनाच विचारायचं फारसं कुणाला सुचलं नाही.

ते ज्यांना सुचलं त्यांच्यापैकी एक स्कॉटलंडचे अ‍ॅलेक्स जॉनस्टन. आधी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, मग ग्लासगो विद्यापीठात गेले. नवा अभ्यासक्रम सुरू झाल्यावर, १९७० च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांना साधा प्रश्न विचारला, कुठला भाग अवघड जातो? मोल, समीकरणं, असे तेच ते धडे पुन्हा पुन्हा पुढे आले. मग ते 'का'च्या मागे लागले आणि पुढची कितीतरी वर्षं लागून राहिले. २०१७ साली ते गेले.

त्यांनी काढलेला एक त्रिकोण मला फार आवडतो. रसायनशास्त्राला तीन कोपरे आहेत. एका कोपऱ्यात दिसणारं, चाखता येणारं जग: चिमूटभर मीठ, पाण्यात विरघळलेलं. दुसऱ्यात न दिसणारं जग: सोडियमचे आणि क्लोरीनचे आयन, त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू. तिसऱ्यात चिन्हांचं जग: फळ्यावरची सूत्रं, बाण, अधिक-उण्याच्या खुणा. रसायनशास्त्र जाणणारा माणूस या तीन कोपऱ्यांत इतक्या सहज उड्या मारतो की आपण उडी मारली हे त्याला कळतही नाही. बाई एका वाक्यात मीठ म्हणतात, त्याच वाक्यात आयन म्हणतात, आणि हात फळ्यावर सूत्र लिहीत असतो. मुलाने एका वेळी किती गोष्टी धरून ठेवायच्या? जॉनस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८६ साली दाखवलं की सोडवायच्या पायऱ्या पाच-सहाच्या पुढे गेल्या की बरोबर उत्तरांचं प्रमाण हळूहळू उतरत नाही, धाडकन कोसळतं. मूल ढ असतं म्हणून नाही, हातात मावत नाही म्हणून.

हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. 'ढ' हा शब्द मी किती सहज वापरला होता!

दुसरा धक्का १९८७ चा. सुझन नुरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग या अमेरिकन प्राध्यापकांनी एकाच विषयावर दोन-दोन प्रश्न दिले. एक नेहमीसारखा, आकडे घालून सोडवायचा. दुसरा चित्राचा: पोलादी टाकीत हायड्रोजनचे रेणू ठिपक्यांनी दाखवले आहेत, टाकी थंड केली, पण हायड्रोजन वायूच राहिला, तर ठिपके कसे दिसतील? गणित सोडवणारे कितीतरी विद्यार्थी चित्रापाशी अडले. ठिपके गोळा होऊन तळाशी बसतील असं अनेकांना वाटत होतं. खरं तर वायू असेतो रेणू सगळ्या टाकीभर पसरलेलेच राहणार, फक्त त्यांचा वेग मंदावणार.

म्हणजे गणित आलं म्हणून समजलं असं नाही. बोर्डाच्या परीक्षेत मोलची गणितं माझे विद्यार्थी पटापट सोडवायचे. मी त्यावर खूश असायचे.

*

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. फारशी कुणाला सांगितलेली नाही.

१९८६ साल असेल. नववीचा वर्ग. मी स्थायू, द्रव, वायू शिकवत होते. फळ्यावर तीन चौकटी काढल्या. पहिलीत ठिपके दाटीवाटीने, दुसरीत जरा सैल, तिसरीत लांब लांब. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी कधी तोंड उघडायचा नाही, अभ्यासात बेताचा. त्याने विचारलं, "बाई, वायूच्या ठिपक्यांच्या मध्ये काय असतं?"

मी म्हटलं, "हवा."

तो बसला नाही. डोकं खाजवत म्हणाला, "पण बाई, हवा हाच वायू आहे ना? मग त्या हवेच्या ठिपक्यांच्या मध्ये काय?"

वर्ग हसला. आणि मी काय म्हणावं? "धड्यात नाही ते विचारू नकोस. आधी धड्यातलं पाठ कर. खाली बस."

तो बसला. दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होता, पण पुन्हा त्याने हात वर केलेला मला आठवत नाही.

त्याच्या प्रश्नाच्या आठ वर्षं आधी, १९७८ साली, इस्रायलमध्ये शिमशॉन नोव्हिक आणि जोसेफ नुसबाउम यांनी आठवीच्या मुलांना नेमकं हेच विचारलेलं होतं. चंबूतली थोडी हवा पंपाने काढून घेतली. आता उरलेली हवा कशी दिसेल? जादूचा चष्मा लावला आहे असं समजा आणि चित्र काढा. काहींनी हवा सलग रंगवली, काहींनी उरलेली हवा एका बाजूला गोळा केली. ज्यांनी ठिपके काढले त्यांना विचारलं, मध्ये काय आहे? काही जण म्हणाले, 'काहीच नाही'. बाकीच्यांनी ती जागा कशाने ना कशाने भरून काढली. हवा, धूळ, आणखी कसले वायू.

रिकामी जागा माणसाच्या मनाला मानवत नाही. ॲरिस्टॉटललाही मानवली नव्हती. डेमोक्रिटसच्या अणूंना त्याने नकार दिला त्याचं एक मोठं कारण हेच, की अणू मानले की मधली पोकळीही मानावी लागते. माझा मागच्या बाकावरचा विद्यार्थी दोन हजार वर्षांहून जुन्या वादाच्या ऐन मध्यावर उभा होता. आणि चूक त्याची नव्हतीच. चूक मी सांगितली होती. त्याने फक्त ती दोन वाक्यांत पकडली. वर्गातलं त्या वर्षीचं सगळ्यांत चांगलं विज्ञान त्याने केलं आणि मी त्याला खाली बसवलं.

*

शिक्षकाच्या तोंडच्या शब्दांवरही पुष्कळ काम झालं आहे. इंग्लंडचे किथ टेबर आधी स्वतः रसायनशास्त्राचे शिक्षक होते. बंध का तयार होतात, असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, तर उत्तर यायचं, अणूला बाहेरची कक्षा पूर्ण करायची 'इच्छा' असते म्हणून. हे वाचून मी कपाळाला हात लावला. कारण मी वर्षानुवर्षं सांगत आले होते, सोडियम दानशूर आहे, क्लोरीन गरजू आहे, एकाने दिलं, दुसऱ्याने घेतलं, दोघं सुखी! मुलांना गोष्ट आवडायची, लक्षातही राहायची.

पण सोडियमच्या सुट्या अणूमधून इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल खर्चावे लागतात. क्लोरीनने तो घेतल्यावर परत मिळतात सुमारे ३४९. व्यवहार तोट्याचाच! सोडियम आपण होऊन काही देत नाही. विरुद्ध भारांचे असंख्य आयन एकमेकांशेजारी रचले जाऊन स्फटिक बनतो, त्यात सुटणारी ऊर्जा हा तोटा भरून काढून वर उरते. माझ्या दानशूरपणाच्या गोष्टीत ती आकर्षणाची बाजू आलीच नव्हती.

आपल्याकडे यावर काहीच झालं नाही असं समजू नका. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात शाळांबरोबर काम केलं. त्यातून पुढे आलेला एक मोठा मुद्दा म्हणजे पाठ्यपुस्तकाची भाषा. मुलाला विज्ञान कळत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला वाक्यच कळलेलं नसतं.

हे मला लगेच पटलं. साधी उदाहरणं घ्या. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत मात्र परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल! वडिलांची बदली होऊन मूल हिंदी शाळेतून मराठीत आलं की त्याचा गोंधळ व्हायचाच. दुसरं, 'वाफ'. चहाच्या पातेल्यावर पांढरी दिसते तिला आपण वाफ म्हणतो. पण खरी वाफ, म्हणजे वायुरूप पाणी, दिसतच नाही. ते पांढरं म्हणजे थंड होऊन परत झालेले पाण्याचे बारीक थेंब. मग पाण्याच्या आतल्या पारदर्शक बुडबुड्यात वाफ आहे हे मुलाला का पटावं? त्याच्या लेखी वाफ पांढरी असते!

*

तर परत ठाण्याच्या ओट्यापाशी. मी भाचीला स्टीलचं गार झाकण आधणावर तिरपं धरायला लावलं. झाकणावर थेंब जमले आणि ओघळले. "चाटून बघू?" म्हणाली. थोडं गार होऊ दिलं आणि चाटून बघितलं. "पाणीच आहे."

"पाणीच आहे," मी म्हटलं. "बुडबुड्यातही पाणीच होतं. फक्त सुटं सुटं. वाफ झाली की पाणी सतराशेपट जागा व्यापतं, म्हणजे रेणू एकमेकांपासून जवळजवळ बारापट लांब जातात."

ती थोडा वेळ गप्प राहिली. दादाने पेपर खाली ठेवला होता. मग ती म्हणाली, "आत्या, मग त्या रेणूंच्या मध्ये काय असतं?"

खरं सांगते, हाताला कापरं भरल्यासारखं झालं. चाळीस वर्षांनी तोच प्रश्न.

"काहीच नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही म्हणजे? हवा पण नाही?"

"हवा पण नाही."

"असं कसं असेल?" ती म्हणाली. तिला पटलं नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, तुला काय वाटतं ते सांग, आणि स्टूल ओढून बसले. मग ती बोलत राहिली. बरंच काही बोलली, त्यातलं निम्मं चुकीचं होतं. मी मध्ये बोलले नाही. आधण आटलं, वहिनी ओरडली, पुन्हा पाणी घालावं लागलं.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. आता पन्नाशीचा असेल. कधी भेटलाच तर त्याला एवढंच सांगायचं आहे, की बाबा, तुझा प्रश्न बरोबर होता आणि बाईंचं उत्तर चुकलं होतं.

असो. आज घरी चहा टाकाल तेव्हा शेजारी कुणी लहान मूल असेल तर त्याला बुडबुड्यांबद्दल विचारून बघा. फक्त उत्तर सांगायची घाई करू नका.